साखर लागली की पकड सुटते

डमडम, कलकत्ता
मार्गशीर्षातला पहिला गुरुवार

चि. विनायकला आईचे आशीर्वाद.

मी खुशाल आहे. गुडघे आहेत तसेच आहेत. पंधरा दिवसांत परत येते म्हणून निघाले होते हे माझ्या लक्षात आहे, पण इतक्यात येत नाही. का ते पुढं कळेल. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस.

फोन असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू 'हं, बरं, जेवलीस का' एवढं म्हणून ठेवतोस. पत्र मधेच ठेवता येत नाही. म्हणजे येतं, पण उरलेलं तिथंच पडून राहतं आणि येता-जाता माणसाची नजर जाते. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली, अक्षर डुगडुगतं, तेवढं चालवून घे.

तेजू बारीक झाली आहे. लेक तुझी असली तरी हे मी तुला सांगत नाही, तुझ्या बायकोला, मंजुषाला सांगते आहे. तू तिला वाचून दाखव. तिचा चष्मा काही सापडणार नाही.

घर चांगलं आहे. दोन खोल्या, दुसरा मजला, खाली घरमालकीण राहते, तिला सगळे मासीमा, म्हणजे मावशी, म्हणतात, मग मीपण म्हणते, ती माझ्यापेक्षा लहान असली तरी. आज गुरुवार म्हणून मी लक्ष्मीचा घट मांडला आणि पानं मिळेनात म्हणून खाली गेले, तर मासीमासुद्धा लक्ष्मीच मांडून बसलेली. यांच्यातही गुरुवारीच करतात म्हणे. मला मराठी, तिला बंगाली, दोघींना हिंदी बेताचं. तरी तासभर बोललो. काय बोललो ते विचारू नकोस. तिच्या सुनेबद्दल होतं, एवढं समजलं.

आता मुख्य. आज पहाटे तेजूबरोबर सियालदहला गेले होते. नको म्हणत होती, आजी, गर्दीत चेंगरशील. म्हटलं, मी गणपतीच्या मिरवणुकीत तुला खांद्यावर घेऊन उभी राहिले आहे, मला काय गर्दी सांगतेस. स्टेशनाबाहेर भाज्यांच्या पाट्या घेऊन माणसं अशी धावतात की आपणच बाजूला व्हायचं. तिथं एक माणूस तिच्यासाठी भोकं पाडलेला खोका घेऊन उभा होता. खोक्यात कोंबडीची पिल्लं. कालच अंड्यातून आलेली. पिवळी, हळदीच्या बोटांसारखी. खोका मी मांडीवर घेऊन आले. सगळा रस्ता तो खोका मांडीवर थरथरत होता आणि मी इतकी खूश होते की उतरायचं ठिकाण कधी आलं कळलं नाही.

तू त्या गणपतीत जे म्हणालास ना, ही बँकेतली ऑफिसरकी सोडून कोंबड्या पाळणार म्हणून, त्यातलं कोंबड्या हे खरं आहे. पाळणार हे खोटं. ती त्यांना शिकवते.

काय शिकवते ते मला अजून कळलेलं नाही. कळलं की लिहिते.

आई


डमडम
मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, दुपार

चि. विनायक,

तुझं पत्र नाही आलं. मी वाट बघत नव्हतेच. मंजुषाचा फोन आला, तिनं सांगितलं की 'हे म्हणतात, आईला म्हणावं पिल्लांचं कौतुक पुरे.' म्हणजे वाचलंस. बरं वाटलं.

मी तेजूची प्रयोगशाळा बघून आले. चपला बाहेर काढल्या तर सगळे हसायला लागले. तिथं चपला काढायच्या नसतात, उलट वरून आणखी एक घालतात. तिचे सर आले, उंच, पांढरे केस, मला वाकून नमस्कार केला. तू कुणाला नमस्कार केलास का कधी ऑफिसात आलेल्या म्हातारीला, आठवून बघ.

आता ऐक, कारण हे मी तीनदा विचारून घेतलं आहे आणि तरी माझा गोंधळ आहे.

पिल्लासमोर तारेला अडकवलेला एक चकचकीत मणी धरायचा. पिल्लू चोच मारतंच, पिल्लूच ते. पण मण्याला काहीतरी जहरी कडू लावलेलं असतं. मग पिल्लू असं डोकं झटकतं, चोच जमिनीला पुसतं, तुला लहानपणी एरंडेल दिल्यावर तू करायचास तसंच. मला हसू आवरेना. दुसऱ्या दिवशी तोच मणी, धुऊन पुसून, काही न लावता समोर धरला तरी पिल्लू मागे सरतं. एकदाच चोच मारली, जन्माचं शिकलं. दुसऱ्या रंगाचा मणी धरला तर मात्र खुशाल चोच मारतं. मूर्ख नाही हो, त्याला बरोबर तोच मणी नको असतो.

मी म्हटलं, यात काय, आपल्यात मुलाचं अंगावरचं दूध तोडायचं तर कोरफड लावतात. तेजू म्हणाली, हो आजी, तेच. पण कोरफड जिभेला लागते, आठवण डोक्यात राहते. डोक्यात ती कशानं राहते, ते मी बघते.

तर म्हणे डोक्यात बारीक बारीक पेशी असतात आणि त्या एकमेकींना धरून असतात. त्यांच्या अंगावर चिकट हात असतात. खरे हात नव्हेत, रेणू म्हणतात त्याला. मी म्हटलं, फुगडीसारखं? ती म्हणाली, आजी, अगदी फुगडीसारखं. पिल्लानं कडू मणी चाखला की त्या पेशी आधी हात सैल करतात. मग काही वेळानं नवे हात येतात आणि वेगळ्या ठिकाणी वेगळ्या मैत्रिणीला धरतात. ती नवी पकड म्हणजे आठवण. आणि त्याच वेळेला, म्हणजे चोच मारल्यानंतर काही तासांनी, कुणी औषध घालून ते हात बांधून ठेवले, तर आठवण बसतच नाही. दुसऱ्या दिवशी पिल्लू त्याच कडू मण्याला पुन्हा चोच मारायला जातं, जसं काही झालंच नाही.

मला यात एक कळत नाही. शिकायचं म्हणजे घट्ट धरायचं ना? पाढे आपण घट्टच केले. मग आधी सोडायचं कशाला? तेजू म्हणाली, फुगडीत मैत्रीण बदलायची तर आधीचीचा हात सोडावाच लागतो ना आजी. म्हटलं, सोडला की पडतो आपण. ती म्हणाली, म्हणून तर पटकन दुसरा धरायचा.

येताना विचारलं, पिल्लांचं पुढं काय होतं. तेजूनं माझा पदर नीट केला. मी परत विचारलं नाही. तूही विचारू नकोस.

ती तुझ्याबद्दल काही बोलत नाही. मीही काढत नाही. पण थंडी पडली तशी ती तुझा जुना राखी स्वेटर घालून बसते, बाह्या दुमडून. तो हरवला म्हणून तू मंजुषाला किती बोलला होतास.

आई


डमडम
संकष्टीचा दुसरा दिवस

चि. विनायक,

आज जरा माझी फजिती सांगते, म्हणजे तुला बरं वाटेल.

पेशी चिकटवायला काही चिकट लागतं एवढं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. थंडी आहे, पोरीचं डोकं दिवसभर कामात. म्हटलं डिंकाचे लाडू करू. बालीगंजपर्यंत गेले डिंकासाठी. तिथं बँकेच्या बदलीवर आलेली आपल्याकडची एक बाई राहते, वृंदा नावाची, हळदीकुंकवात ओळख झाली, तिनं दुकान दाखवलं. तुपात डिंक असा फुलला म्हणून सांगू, एकही खडा कच्चा नाही. डबा भरून तेजूच्या सरांना पाठवला आणि निरोप दिला की पिल्लांनाही थोडा चुरा घाला, आठवण चांगली चिकटेल.

संध्याकाळी तेजू आली ती हसून हसून बसलीच. म्हणाली, आजी, हा डिंक पोटातून डोक्यात जात नाही गं. सरांनी आख्ख्या प्रयोगशाळेला तुझा निरोप वाचून दाखवला. मी म्हटलं, लाडू उरले का? नाही म्हणे. मग झालं तर.

पण विनायक, खूप दिवसांनी हसताना बघितली मी तिला. फजिती झाली ती झाली, मी पुन्हा करीन.

आता दुसरी गोष्ट. काल संकष्टी. मी उकडीचे मोदक केले. इथला तांदूळ बरा आहे, उकड चिकट येते. चंद्र दिसेना, धुकं फार, मासीमाच्या नातवानं गच्चीतून ओरडून सांगितलं तेव्हा जेवायला बसलो. तेजूच्या पानात दोन मोदक वाढले, वर तूप. तिनं वरण-भात खाल्ला, भाजी खाल्ली, कोशिंबीर दोनदा घेतली. मोदक तसेच. म्हणाली, आजी, पोट भरलं. मी म्हटलं, एक. तर पान थोडंसं असं पुढं सरकवलं. हातानं नाही, बोटाच्या टोकानं.

आणि मला ते पिल्लू दिसलं.

मग मी आडवी पडले आणि विचार करत राहिले. तू मोदक कधीपासून खात नाहीस रे? पित्त होतं म्हणतोस. गूळ सोसत नाही म्हणतोस. गुळाची पोळी सोसते, चिक्की सोसते, श्रावणातलं पुरण सोसतं. लहानपणी तू मोदक मोजू द्यायचा नाहीस, मोजले की कमी होतात म्हणायचास. पित्त दोन वर्षांपूर्वी गणपतीत सुरू झालं, त्याच्या आधी नव्हतं.

मी काही म्हणत नाही. पण सांगलीत एक आणि डमडमला एक, दोघंही एकाच मण्यापासून मागं सरताहेत, आणि मी मधल्या मधे दोन्हीकडं मोदक करते आहे.

आई


डमडम
किंक्रांत

चि. विनायक,

तिळगूळ पाठवला आहे, मिळाला की खा. त्यात मोदक नाही, घाबरू नकोस.

आज माझं डोकं पार फिरलं आहे. दोन गोष्टींनी. लहान आधी सांगते.

तेजूला मी पाक शिकवत होते, तिळगुळासाठी. गूळ विरघळला, बोटाला तार येऊ लागली, मी म्हटलं बघ, साखर-गुळासारखं चिकट जगात काही नाही. तर ती म्हणते, आजी, डोक्यात उलटं असतं. त्या चिकट हातांवर कधीकधी साखरेची लांब शेपटी येते. ती आली की हात घसरतात. पकड सैल होते. पेशी एकमेकींपासून जरा सरकतात आणि नवीन जोडायला जागा होते. लहान बाळाच्या डोक्यात अशी साखर भरपूर असते, मोठ्यांच्यात थोड्याच ठिकाणी उरते, पण शिकताना लागते.

म्हणजे साखर लागली की सुटतं. आता सांग. माझी सगळी जिंदगी साखरेनं जोडण्यात गेली. रुसलेली नणंद, बदली करणारा साहेब, तुझे वडील, सगळे गोडानंच जोडले. आता ही म्हणते साखरेनं सुटतं. मी म्हटलं, तुझ्या सरांना परत विचार. ती म्हणाली, आजी, मी स्वतः बघितलं आहे. बघितलं असेल तर असेल. रात्रभर माझ्या डोक्यात पाक उकळत होता.

आता मोठी. संक्रांतीला इथं घरोघरी पिठे करतात. मासीमानं वाटीभर वर पाठवले. मी झाकण उघडलं आणि बघतच राहिले. अरे, उकडच. तांदळाचीच. आत ओलं खोबरं आणि गूळ. फरक एवढाच की गूळ खजुराचा, त्याला धुराचा वास असतो, नवा गूळ निघाला की इथली माणसं वेडी होतात. आणि आकार आपल्या करंजीसारखा, दोन्हीकडं टोकं, कळ्या नाहीत. पुली म्हणतात. वाफवलेली पुली. म्हणजे मोदक कुणी आडवा झोपवला तर जसा दिसेल तशी.

वाटी तेजूसमोर ठेवली. ती मोबाइलवर काहीतरी वाचत होती. एक उचलली, खाल्ली. दुसरी. तिसरी खाताना बोटं चाटली. वाटीचा तळ दिसला तेव्हा म्हणाली, तुला ठेवली नाही का मी एकही.

मोदकाला बोट न लावणारी पोर. तेच पीठ, तेच सारण.

दुसऱ्या रंगाचा मणी, विनायक.

मी सुखानं इतकी हसले की तिला वाटलं मला काहीतरी झालं, पाणी घेऊन धावत आली. मग तीपण माझ्याजवळ बसली आणि आपणहून बोलली. तुझ्याबद्दल. दोन वर्षांत पहिल्यांदा. काय बोलली ते आत्ता लिहीत नाही. योग्य वेळ आली की लिहीन, कारण ती वेळ कोणती, ते मी आता शिकते आहे.

आई


डमडम
पौषातली संकष्टी

चि. विनायक,

आज मोदक केले नाहीत. मासीमाकडून पुली शिकले. माझ्या हाताला कळ्या पाडायची इतकी सवय की पहिल्या चार पुल्यांना आपोआप नाक आलं. मासीमा म्हणाली, दीदी, एटा की, म्हणजे हे काय, आणि दोघी हसलो.

मंजुषा सांगत होती की तू माझी पत्रं टीव्हीखाली ठेवतोस आणि मागचं पत्र काढून परत वाचत होतास, ती आली तसं वर्तमानपत्र ओढलंस. तिला मी सांगितलं, बघितलं नाही असं दाखव.

तेजूचं आता जे काम चाललं आहे ते मी विचारून घेतलं. शिकलेल्या पिल्लाला दुसऱ्या दिवशी तोच मणी नुसता आठवणीपुरता दाखवायचा. दाखवला की आधी घट्ट बसलेली आठवण परत सैल होते. काही तासच. त्या वेळात पेशी परत हात सोडतात, परत धरतात. त्या मधल्या वेळात ज्याला जे करायचं ते करता येतं. औषध दिलं तर पुसतं. काही नाही केलं तर होती तशी परत बसते, कधी आणखी घट्ट.

मी विचारलं, आणि त्या वेळात गोड दिलं तर? ती म्हणाली, ते अजून नीट कुणी सांगू शकत नाही, आजी. पिल्लांचं एक असतं, माणसांचं आणखी अवघड. मी म्हटलं, मी करून बघू का माणसांवर? ती म्हणाली, माणसांवर असले प्रयोग करायचे तर परवानगी लागते, कागद असतो, सही लागते. म्हटलं, मी आई आहे, मला कोण परवानगी देणार. ती माझ्याकडं संशयानं बघायला लागली. मी विषय बदलला, मासीमाच्या सुनेवर नेला.

माझा मात्र गोंधळ वाढला आहे. इतकी वर्षं मला वाटायचं, घरात जुनं काढू नये. काढलं की भांडण. म्हणून मी तुमच्या दोघांच्या मधे कधी गणपतीचं नाव काढलं नाही. तुला वाटलं आई विसरली. तेजूला वाटलं आजी बाबांच्या बाजूची. आणि आता कळतं की न काढल्यानंच ते जसंच्या तसं घट्ट बसलं. पण काढायचं आणि नुसतं सोडून द्यायचं हेही वाईट, आणखी घट्ट बसतं. काढायचं आणि लगेच काहीतरी करायचं. हे मला बरोबर समजलं का उलटं समजलं, देव जाणे. तेजूला विचारावं तर तिला सगळं कळेल.

तिला पंधरा दिवसांनी पुण्याला जायचं आहे, आपलं काम पुष्कळ लोकांसमोर सांगायला. मी सहज म्हटलं, पुण्याहून सांगली किती लांब गं. ती म्हणाली, आजी, तुला माहीत आहे किती लांब ते. मग भांडी घासत राहिली, घासलेलीच परत.

आई


डमडम
पौष सरत आला
(माघी गणेशजयंतीला वाचण्यासाठी)

चि. विनायक,

हे पत्र पोस्टमननं आणलं नसणार, शेजारच्या सरलानं आणून दिलं असेल. मी तिच्या पत्त्यावर पाठवलं आणि बजावलं की सकाळचा चहा झाल्यावरच द्यायचं, आधी नाही. तिला कारण सांगितलं नाही. ती विचारायला बसली असेल तर तिला चहा दे आणि तू आतल्या खोलीत जाऊन वाच.

आज मी तुला मणी दाखवणार आहे. कडूच आहे. तरी पूर्ण वाच.

दोन वर्षांपूर्वी गणपतीचा पहिला दिवस. पंगत माजघरात. तू, तेजू, पलीकडं सरला आणि तिच्याकडचे, मंजुषा वाढत होती, मी मोदक आणत होते. तेजू आदल्या दिवशी कलकत्त्याहून आली होती, बँकेची नेमणूक तिकडंच होती. तुझ्या हातात दुसरा मोदक होता, फोडलेला, वर मी नुकतंच तूप सोडलं होतं. तेव्हा ती म्हणाली, बाबा, मी बँकेचा राजीनामा दिला. मला शिकायचं आहे. तू विचारलंस, काय शिकायचं आहे. तिनं सांगितलं. कोंबडीची पिल्लं म्हटल्यावर सरलाचा जावई हसला. मला वाटतं तू त्याच्या हसण्यावर चिडलास, पण बोललास तिला. जन्मभर बँकेत क्लार्क राहिलास, पोर ऑफिसर झाली तेव्हा गल्लीत पेढे वाटताना चप्पल घालायची विसरला होतास. ते सगळं तुझ्या तोंडाशी आलं आणि दुसरंच बाहेर पडलं. म्हणालास, बँकेची ऑफिसरकी सोडून कोंबड्या पाळणार. यापुढं माझ्या घरात हिचं ताट मांडायचं नाही.

ती भरल्या ताटावरून उठली. हात धुतला. तिच्या ताटात मोदक होता, एक कळी मोडलेला.

एवढं तुम्ही दोघंही धरून बसला आहात. पण फुगडीत दोघींच्या हातात जेवढं असतं तेवढंच त्यांना दिसतं. मी बाजूला उभी होते, मला आणखी दिसलं.

एक तिला माहीत नाही. ती गेल्यावर तू तिच्या ताटावर दुसरं ताट झाकलंस आणि ते फळीवर ठेवलंस. मंजुषाला उचलू दिलं नाहीस. दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या तेव्हा तूच मागीलदारी गेलास, आणि बराच वेळ आला नाहीस. हे मी तिला सांगितलेलं नाही. ते तुझं आहे, तू सांग.

एक तुला माहीत नाही. संक्रांतीला तिनं सांगितलं ते हे. ती त्या दुपारी लगेच गाडीत बसली नव्हती. सांगलीच्या स्टँडवर संध्याकाळपर्यंत बसली होती, बॅग पायाशी, मोबाइल हातात. पुण्याच्या गाड्या आल्या आणि गेल्या. तिला वाटत होतं बाबा येतील. मग दिवे लागले तेव्हा ती चढली.

एकानं ताट झाकून ठेवलं आणि एक स्टँडवर बसून राहिली. मधे अंतर किती, रिक्षानं जावं एवढं.

आता तुला कडू लागलं असेल. डोकं झटकशील. झटक. कागद चुरगाळायचा तर चुरगाळ, मी लिहिलेलं मला पाठ आहे. पण आज दुसरं काही करू नकोस. बँकेतल्या मित्रांकडं जाऊ नकोस, ते तुला बरोबर म्हणतील आणि परत घट्ट बसेल. तेजूच्या हिशोबानं आता काही तास तुझ्या डोक्यातल्या सगळ्या जणी हात सोडून उभ्या आहेत, कुणाला धरायचं म्हणून. हे मला नीट समजलं असेल तर. नसेल समजलं तर म्हातारीनं काहीतरी लिहिलं म्हण.

काल पुण्यात तिचं बोलणं झालं असेल. आज दुपारच्या एसटीनं ती सांगलीला येते आहे. मी पाठवली. निघताना दारात म्हणाली, आजी, बाबांनी दार लावून घेतलं तर? मी म्हटलं, तर सरलाकडं जा, तिच्याकडं परवाच सिलेंडर आला आहे. ती हसली नाही. तुझ्या स्वेटरची बाही खाली ओढली आणि जिना उतरली.

मी बरोबर आले नाही. आले असते तर तुम्ही दोघं माझ्याशीच बोलला असता.

तिच्या पिशवीत खजुराच्या गुळाची ढेप आहे, मासीमानं दिली. मंजुषाला मी फोनवर सांगितलं आहे, उकड काढून ठेव, नारळ खवून ठेव, मोदक करू नकोस. तेजू पुली करील. तू म्हणशील हे काय, मोदकच की. मोदक नाही, त्याला कळ्या नाहीत, नाक नाही, वास वेगळा आहे. तुझ्या पित्ताला यातलं काही माहीत नाही. एक उचल.

साखर लागली की पकड सुटते म्हणे. मला अजून पटलेलं नाही. पण सुटल्याशिवाय दुसरं धरता येत नाही हे फुगडी खेळलेल्या कुठल्याही बाईला माहीत आहे. तू पडशील असं वाटेल, एवढासा वेळ.

मंजुषाला वाढू दे, सरलाला बोलावायचं तर बोलाव, तिच्या जावयाला नको. पण विनायक, तिचं ताट तू मांड.

आई